फळ कुणाचं, परिणाम कुणाचा? (गीता १८.२३ ते १८.२५)



आज अठराव्या अध्यायातले तीन श्लोक घेऊ. विषय कर्माचे तीन प्रकार: सात्त्विक, राजस आणि तामस. सात्त्विक कर्माबद्दल आपण लहानपणापासून ऐकत आलोय. नेमून दिलेलं काम, आसक्तीशिवाय, राग-द्वेष न ठेवता आणि फळाची इच्छा न धरता केलेलं. राजस म्हणजे हव्यासाने, अहंकाराने, नुसती धडपड करून केलेलं. इथपर्यंत कुणाला काही अडत नाही. अडतं ते पंचविसाव्या श्लोकाशी. तिथे भगवंत म्हणतात की चार गोष्टींचा विचार न करता, केवळ मोहाने जे काम हाती घेतलं जातं ते तामस. त्या चार गोष्टी म्हणजे अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष. या कामामागून काय काय येईल, यात काय वाया जाईल, कुणाला इजा होईल आणि हे करायची माझी ताकद आहे का.

आता मला सांगा, तेविसाव्या श्लोकात फळाकडे बघू नका म्हणायचं आणि पंचविसाव्यात परिणामाचा विचार केला नाही तर तामस म्हणायचं, हे जमायचं कसं? मागे एका वाचकाने मला जवळजवळ हाच प्रश्न विचारला होता. "दादा, फळाची चिंता सोडली की काम ढिसाळ होतं. रिझल्टची भीती असते म्हणून तर आपण नीट काम करतो." हा प्रश्न सोपा नाही. मला वाटतं निष्काम कर्माबद्दल आपल्या पिढीची खरी शंका हीच आहे, फक्त सत्संगात उघडपणे कुणी बोलत नाही.

याचं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही. थोडंफार मिळालं ते शेगावच्या आमच्या घराच्या अंगणात, ओम्नीचा मागचा ॲक्सल शाफ्ट काढताना. गाड्यांमध्ये रस नसेल तर थोडी कळ काढा, श्लोकाकडेच येतोय.

आमची ओम्नी जुनी आहे. मारुतीने हे मॉडेल २०१९ मध्ये बंद केलं, पण आमच्या भागात अजून बऱ्याच धावताहेत. आमची गाडी मुख्यतः गुरुवारी निघते. आई, शेजारच्या दोन आज्या आणि कधी गल्लीतलं एखादं आजारी माणूस, यांना मंदिरात न्यायचं आणि परत आणायचं. उजव्या मागच्या चाकातून घूं घूं आवाज यायला लागला आणि ड्रमच्या खालच्या कडेला तेलाचा ओघळ दिसला. दोन्हीचा अर्थ मिळून एकच: बेअरिंग गेलं, ऑइल सील गेलं. ते बदलायचं तर शाफ्ट बाहेर काढायला हवा.

इंटरनेटवर बघितलं तर काम पंधरा मिनिटांचं वाटतं. चाक काढा, ड्रम काढा, मागच्या प्लेटचे चार नट सोडा, शाफ्ट ओढा. माझी डिग्री इंजिनिअरिंगची आहे खरी, पण कॉम्प्युटरची. पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये कानस घासून एक लोखंडी चौकोन केला होता, तेवढंच माझं लोखंडकाम. सुदैवाने गल्लीत एक काका राहतात, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. त्यांना बोलावलं. ते आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "आधी समोरच्या चाकाले गोटे लाव बापू. मंग बाकीचं."

मी म्हटलं, "काका, हँडब्रेक ओढलेला आहे. गिअरमध्येपण टाकतो."

ते हसले. हँडब्रेक कुठल्या चाकांवर? मागच्या. गिअर कुठली चाकं अडवतो? मागचीच, कारण ओम्नी मागच्या चाकांवर चालते. आणि आपण उचलणार कुठली बाजू? मागची. शिवाय ड्रम निघायचा तर हँडब्रेक सोडावाच लागतो. म्हणजे ज्या दोन गोष्टींच्या भरवशावर मी निर्धास्त होतो, त्या दोन्ही नेमक्या त्या वेळी कामाच्या नसतात. तेव्हा गाडी थांबलेली असते ती फक्त पुढच्या चाकांना लावलेल्या दगडांवर. वर उचलल्यावरही नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात-डोकं घालायचं नाही, ॲक्सलच्या नळीखाली लोखंडी घोडी दोन्ही बाजूंनी हवीच. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो.

पंचविसाव्या श्लोकातला 'हिंसा' हा शब्द वाचला की आपल्याला तलवार, रक्त, असलं काहीतरी आठवतं. मला आता ते दगड आठवतात. इजा होण्यासाठी कुणाच्या मनात वाईट असावंच लागत नाही. शाफ्ट घट्ट बसलेला असतो, निघत नाही, मग लोक चाकच उलटं-सुलटं ढिलं बसवून त्याला हिसके देतात, आणि घोडीवर उभी असलेली गाडी हलते. त्यासाठी सरकत्या वजनाचा ओढणी हातोडा मिळतो, तो स्टडला बांधून सरळ रेषेत ठोके द्यायचे. काकांनी तो एका गॅरेजमधून मागून आणला, त्यात आमचा अर्धा तास गेला. ड्रम उघडल्यावर आतली काळी भुकटी तोंडाने फुंकायची नाही, हेही त्यांनीच सांगितलं. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि अंगणात माझी भाची खेळत होती. आम्ही ओल्या फडक्याने पुसलं. डिफरन्शियलमधलं काळं तेल डब्यात काढलं. ते नालीत ओतणं म्हणजे कुणाच्या तरी विहिरीत ओतणं. वापरलेलं तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. डबा गॅरेजवाल्याला दिला, तो जुनं तेल गोळा करणाऱ्यांना देतो.

शाफ्ट एकदाचा बाहेर आला. तो हातात घेतल्यावर एक गोष्ट कळली आणि मी जरा गप्पच झालो. बेअरिंगच्या आत एक पोलादी रिंग असते. ती शाफ्टवर दाबून घट्ट बसवलेली असते. तिथे नट नाही, पिन नाही, काही नाही. बेअरिंग तिच्यामुळे जागेवर राहतं, आणि बेअरिंगमुळे शाफ्ट, आणि शाफ्टला चाक. ती रिंग सरकली तर चाक शाफ्टसकट बाहेर येतं, चालत्या गाडीतून. काका म्हणाले की एसटीत असं नसतं. तिथे गाडीचं वजन ॲक्सलची नळी पेलते आणि शाफ्ट फक्त फिरवायचं काम करतो. त्यामुळे बस चाकांवर उभी असतानाच फ्लँजचे बोल्ट सोडून शाफ्ट ओढून काढता येतो. तो तुटला तरी बस फक्त जागेवर थांबते, चाक जात नाही. ओम्नीचा शाफ्ट फिरतोही आणि वजनही पेलतो. (हे ऐकताच माझ्यातला प्रवचनकार जागा झाला: ज्ञानी म्हणजे एसटीचा शाफ्ट, फिरतो पण भार घेत नाही, आणि आपण संसारी म्हणजे ओम्नी! ऐकायला छान आहे. पण त्यातून निघतं इतकंच की संसारी माणसाने बेअरिंगची काळजी जास्त घ्यावी, म्हणून तिथेच सोडतो.)

ती रिंग काढायची तर ग्राइंडरने अर्धी घासून छिन्नीने फोडावी लागते, शाफ्टला ओरखडा न लावता. नवी रिंग आणि नवं बेअरिंग बसवायला हायड्रॉलिक प्रेस लागतो. हे घरी होत नाही. घरी हातोडीने ठोकून बसवणारे असतात, पण ठोके बेअरिंगच्या गोळ्यांमधून गेले की नवं बेअरिंग पहिल्या दिवशीच खराब होतं. आम्ही शाफ्ट घेऊन एका लेथवाल्याकडे गेलो. तिथे एकाने सुचवलं की जुनीच रिंग ठेवू, वरून थोडं वेल्डिंग मारू, पैसे वाचतील. काकांनी शाफ्ट त्याच्या हातातून काढून घेतला आणि आम्ही दुसरीकडे गेलो. एकदा काढलेली रिंग परत वापरायची नसते, तिची पकड गेलेली असते. आणि कडक केलेल्या पोलादावर वेल्डिंगची आग लागली की ते तिथेच ठिसूळ होतं.

'पौरुष' या शब्दाचा अर्थ टीकाकार स्वतःचं सामर्थ्य असा देतात. आपण तो शब्द छाती फुगवून वाचतो. श्लोकात मात्र तो मोजायची गोष्ट म्हणून आलाय. माझी ताकद कुठे संपते, ते न बघता हात घालणं हे तामस. घरी शाफ्ट काढणं माझ्या आवाक्यात होतं, शेजारी काका होते म्हणून. रिंग दाबणं माझ्याही आवाक्यात नव्हतं आणि काकांच्याही. एसटीत इतकी वर्षं काढलेला माणूस "हे प्रेसवालाच करील" असं सहज म्हणतो, त्यात त्याला काही कमीपणा वाटत नाही. यूट्यूबवरच्या आमच्या पिढीला वाटतो.

पण माझा मूळ प्रश्न 'अनुबंध' या शब्दाशी सुटला. शब्द बघा: मागून बांधलेलं. कामाच्या शेपटीला बांधून जे ओढत येतं ते.

शाफ्ट परत आत घालताना त्याचं टोक, ज्यावर दाते असतात, ते नव्या ऑइल सीलमधून न्यावं लागतं. सीलचा रबरी ओठ नाजूक. शाफ्ट जड. हात जरा खाली झुकला की दाते त्या ओठावरून घासतात आणि बारीकशी चीर पडते. त्या दिवशी काहीही दिसत नाही. गाडी मस्त चालते, आवाज गेलेला असतो, आई खूश. काही आठवड्यांनी तेल झिरपायला लागतं. ते ब्रेकच्या लायनिंगवर जातं. त्या बाजूचा ब्रेक कमी लागतो, आणि एखाद्या पावसाळी दिवशी कुणीतरी जोरात ब्रेक दाबतं तेव्हा गाडी एका बाजूला ओढते. त्या वेळी मी कुठे असेन? पुण्यात, स्टँड-अप मीटिंगमध्ये. गाडीत आई असेल आणि दोन आज्या.

दुसरं म्हणजे, या गाडीत शाफ्टबरोबर ब्रेकची मागची प्लेटही निघते, म्हणून ब्रेक ऑइलचा पाइप सोडावा लागतो. पाइप सोडला की आत हवा जाते. काम संपल्यावर ती काढल्याशिवाय गाडी हलवायची नाही. धाकटा भाऊ पेडलवर बसला, मी चाकामागच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीत सोडलं. "दाब... धरून ठेव... सोड." बुडबुडे येत राहिले. पुन्हा दाब, पुन्हा धर. बरेच फेरे झाल्यावर भाऊ वैतागला. म्हणाला, आता पेडल कडक लागतंय, बस झालं. बाटलीत अजून एखादा बारीक बुडबुडा येत होता. काका बाजेवर चहा पीत बसले होते. मान न वळवताच म्हणाले, "बाटली पाय, पायाले नको इचारू."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. पेडल कडक लागणं हे आम्हाला हवं होतं, कारण आम्हाला काम संपवायचं होतं. बुडबुडा हे गाडीला काय होणार आहे त्याचं उत्तर होतं.

इथे मला दोन गोष्टी वेगळ्या दिसल्या, ज्या आपण एकाच पिशवीत घालतो. कामातून काहीतरी बाहेर जगाकडे जातं: चाक टिकेल का, ब्रेक लागेल का, आज्या घरी पोचतील का. आणि काहीतरी माझ्याकडे परत येतं: शाबासकी, वाचलेले पैसे, 'मी स्वतः केलं' म्हणायचं सुख, स्टेटसला टाकायचा शाफ्टचा फोटो. पहिलं म्हणजे परिणाम, दुसरं म्हणजे फळ. भगवंत तेविसाव्या श्लोकात सोडायला सांगतात ते दुसरं. पंचविसाव्यात सोडू नका म्हणतात ते पहिलं. मग विरोध राहतो कुठे? उलट मला तर असं दिसतं की दुसऱ्यावर डोळा असला की पहिलं नीट दिसत नाही. भावाला काम संपल्याचं फळ हवं होतं, म्हणून त्याच्या पायाला पेडल कडक लागलं.

यावर एक शंका तुम्ही घ्याल, आणि घ्यायला हवी. आई गाडीत बसणार म्हणून मी काळजी घेतो, हीसुद्धा आसक्तीच ना? हो, असू शकते. ती ओळखायची एक परीक्षा आहे. ही ओम्नी आम्ही कधीतरी विकू. घेणारा अनोळखी असेल, त्याची मुलं त्यात बसतील. त्याच्यासाठीही बाटलीतला शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत थांबायचं का? उत्तर 'हो' असेल तर ती काळजी आईच्या नावाने सुरू झाली तरी आसक्तीच्या पलीकडे गेली. 'तेव्हा बघू' असेल तर श्लोक पुन्हा वाचायचा.

शेगावात याचं उदाहरण लांब शोधायला नको. मंदिरात गावोगावचे सेवेकरी पाळीपाळीने येतात. कुणी स्वयंपाकघरात, कुणी झाडू घेऊन, कुणी चपलांच्या जागी. त्यांना पगार नाही, कुठे नावाची पाटी नाही. म्हणजे फळ शून्य. पण चपलांचे टोकन सांभाळणाऱ्याचे हात बघा एकदा. दोन टोकनांची अदलाबदल झाली तर मे महिन्यातल्या वऱ्हाडी उन्हात कुणीतरी अनवाणी स्टेशनपर्यंत जाईल. फळ नाही म्हणून तिथे ढिलाई दिसत नाही. आपल्या ऑफिसात पगार, बोनस, रेटिंग सगळं आहे, आणि शुक्रवारी संध्याकाळी काय काय ढकलून दिलं जातं ते तुम्हाला-मला माहीत आहे.

शाफ्टवरून कैकेयी आठवली नाही तर तो मराठी माणूस कसला! कीर्तनात आपण ऐकतो की दशरथाच्या रथाच्या आसाची कीळ तुटली आणि कैकेयीने तिथे स्वतःचा हात घातला. वाल्मीकि रामायणात हा प्रसंग असा नाही. तिथे बेशुद्ध पडलेल्या दशरथाला ती रणातून बाहेर नेते. आसाच्या कीळीची गोष्ट अध्यात्म रामायणात आहे, आणि तिथे एक बारीक तपशील आहे: कीळ तुटल्याचं दशरथाला कळलेलंच नाही. तो लढतोय, आणि चाक तिच्या हातावर आहे. सगळे शत्रू मेल्यावर त्याचं तिकडे लक्ष जातं.

पंचविसाव्या श्लोकाच्या कुठल्याही कसोटीवर ते काम उतरतं असं मला वाटतं. पुढे काय होईल ते तिने ओळखलं, इजा स्वतःवर घेतली, ताकद पुरी पडली. परिणाम जिकडे जायचा तिकडे गेला: रथ पडला नाही, राजा वाचला. नंतर दशरथाने दोन वर देऊ केले आणि ती म्हणाली की आत्ता नकोत, तुमच्याकडेच ठेव म्हणून राहू द्या.

ठेव. तिने फळ खाल्लंही नाही आणि सोडलंही नाही. मधल्या काळात तिला स्वतःलाही त्या ठेवीचा विसर पडला होता, मंथरेने येऊन आठवण करून दिली. मला नेहमी वाटतं की मागून घेतलेल्या फळापेक्षा हे जास्त घातक. मजुरी घेऊन मोकळा होणारा माणूस परवडला. 'मी तुमच्यासाठी एवढं केलं, पण काही मागत नाही' म्हणणाऱ्याच्या घरात कुठेतरी एक पासबुक असतं. आईवडील आणि मुलं, नवरा-बायको, भाऊ-भाऊ, आपल्या किती घरांत ही न काढलेली ठेव व्याज जमवत बसलेली असते! कैकेयीने रथ वाचवला हे खोटं ठरत नाही, वनवासाने ते पुसलं जात नाही. परिणाम खराच राहतो. जळालं ते फळ.

काकांना त्या दिवशी पैसे देऊ केले, त्यांनी घेतले. पूर्ण मोजून, पन्नासची एक नोट मळकी होती ती बदलूनसुद्धा घेतली. मला ते फार आवडलं. हिशोब तिथल्या तिथे मिटला.

कुणाच्या घरी हे काम निघणार असेल तर शेवटचं एक. पहिले शंभर किलोमीटर झाले की चाकाचे नट परत तपासा. आणि दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणल्यावर मागच्या दोन्ही ड्रमजवळ हात नेऊन बघा, एकदम टेकवू नका. ऊब दोन्हीकडे सारखी हवी. एक बाजू जास्त तापत असेल तर गाडी परत घोडीवर.

उद्या १८.२६, कर्त्याचे प्रकार. जय गजानन.